पट घटतो तेव्हा: जिल्हा परिषद शाळेच्या समितीने काय मोजावे आणि काय करावे

जून उजाडला की गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत एकच धावपळ सुरू होते. शिक्षक दारोदार फिरतात, पहिलीत आलेल्या मुलांना सजवलेल्या बैलगाडीतून मिरवतात, हातात गुलाबाचे फूल आणि नवी पुस्तके देतात, आणि सप्टेंबरअखेर पट मोजला की तो मागल्या वर्षापेक्षा चारपाचने कमीच भरतो. शाळा व्यवस्थापन समितीत मी अशी दोन वर्षे घालवली. तिसऱ्या वर्षी आम्ही मिरवणुकीआधी वही हातात घेतली, तेव्हा कळले की आमच्या शाळेची निम्मी तूट जन्मांतलीच होती. जी मुले गावात जन्मलीच नव्हती त्यांच्यासाठी आम्ही घरे पालथी घालत होतो. उरलेली निम्मी मात्र आमच्या हातातली होती, आणि तिच्याकडे कोणी नीट पाहिलेच नव्हते. पुढे जे लिहिले आहे ते समितीचे सदस्य, मुख्याध्यापक आणि ज्यांना गावची शाळा टिकावी असे वाटते त्या पालकांसाठी आहे.

आधी हे समजून घेतले पाहिजे की पट हा केवळ हजेरीचा आकडा नाही. शाळेला शिक्षक किती मिळणार हे त्यावर ठरते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक असे प्रमाण दिलेले आहे. राज्यात प्रत्यक्ष पदे मंजूर होतात ती संचमान्यतेने, आणि तिचे निकष शासन निर्णयांनी बदलत राहतात. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने ते सुधारले गेले, त्यावरून शिक्षक संघटनांनी बराच विरोधही केला. म्हणून चालू निर्णयाची प्रत केंद्रप्रमुखांकडून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, मागून घ्यावी आणि आपली शाळा कोणत्या टप्प्याच्या किती जवळ उभी आहे हे पाहून ठेवावे. एखाद्या टप्प्याच्या काठावरच्या शाळेत चार मुले कमी झाली तर गावाला ती चारच वाटतात. शाळेत मात्र एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनात दुसरीकडे जातो, पाच वर्ग दोघांवर येतात, त्या दोघांतला एक बैठकीला गेला की उरलेला एकटा पडतो, आणि ते पाहून आणखी चार पालक मुलांचे दाखले काढतात. घटीतून घट होते ती अशी.

पहिले काम: जनरल रजिस्टर घेऊन बसणे

बहुतेक समित्या एकूण पट पाहतात आणि तिथेच चुकतात. एकूण आकडा चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवून दाखवतो. मुख्याध्यापकांच्या परवानगीने जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, घेऊन निदान आठ वर्षांचे आकडे इयत्तावार काढावेत. एका कागदावर उभ्या ओळीत वर्षे आणि आडव्या ओळीत इयत्ता मांडाव्यात, आणि मग तो तक्ता तिरका वाचावा, म्हणजे एका वर्षीची पहिली, पुढल्या वर्षीची दुसरी, त्यापुढल्या वर्षीची तिसरी असा. तिरके वाचले की एकाच तुकडीतल्या मुलांचा प्रवास दिसतो.

समजा एका वर्षी पहिलीत १४ मुले आली, पुढल्या वर्षी दुसरीत १३ राहिली, तिसरीत ९ आणि चौथीत ९. इथे गळती पहिलीच्या दारात नाही. ती दुसरी आणि तिसरीच्या मधे आहे. त्या वर्षी शाळेत काय घडले ते शोधावे: शिक्षकाची बदली झाली का, वर्ग जोडले गेले का, जवळच्या रस्त्यावर नवी शाळा निघाली का. याउलट तिरक्या रेषेत मुले टिकून आहेत, पण पहिलीचा आकडाच दरवर्षी १४, १२, ९, ७ असा उतरतो आहे, तर शिकवण्याला दोष देण्याआधी गावात सहा वर्षांची मुले किती आहेत हे पाहणे भाग आहे. तिसरा प्रकार चौथीनंतरच्या उडीचा. महाराष्ट्रात कित्येक वाड्यावस्त्यांवरच्या शाळा पहिली ते चौथीच्याच आहेत आणि गावाजवळचे अनुदानित विद्यालय पाचवीपासून सुरू होते. तिथे मुले ‘गेली’ असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे त्यांना वर्गच नव्हता. पाचवीचा वर्ग जोडून मिळेल का, हा त्या ठिकाणचा प्रश्न आहे. कार्यालयात त्याला ‘नैसर्गिक वर्गवाढ’ म्हणतात. अर्ज करताना समितीचा ठराव, तिसरी-चौथीची पटसंख्या, उपलब्ध खोली आणि पाचवी असलेल्या जवळच्या शाळेचे अंतर या गोष्टी सोबत जोडाव्यात.

करोनाकाळातले आकडे वाचताना मात्र सावध राहावे. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांत नोंदलेल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. आपल्या शाळेचा पट २०२१-२२ मध्ये फुगला असेल आणि नंतर उतरला असेल, तर तो उतार शाळा बिघडल्याचा पुरावा असेलच असे नाही. फी परवडेनाशी झाल्याने आलेली मुले हाती पैसा आल्यावर परत गेली असतील. तुलना करायची तर २०१८-१९ शी करावी.

दुसरे काम: गावात मुले आहेत तरी किती

यासाठी पुष्कळ जण ग्रामपंचायतीची जन्मनोंदवही मागतात. त्या वहीवर विसंबून राहू नये. जन्माची नोंद जन्म जिथे झाला तिथे होते. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झाले तर नोंद तालुक्याला, आणि पहिलटकरीण माहेरी गेली असेल तर नोंद माहेरच्या गावी किंवा तिथल्या दवाखान्याच्या गावी. आमच्या ग्रामपंचायतीच्या वहीत एका वर्षी अवघे दोन जन्म दिसत होते आणि अंगणवाडीत त्याच वयाची अकरा मुले रांगेने बसून खाऊ खात होती.

म्हणून खरी वही अंगणवाडी सेविकेची. तिच्या सर्वेक्षणात शून्य ते सहा वयोगटातील प्रत्येक मूल घरागणिक असते, स्थलांतरित होऊन आलेलेही असते. तिच्याकडून वयागणिक संख्या घ्यावी: यंदा सहा वर्षांची होणारी किती, पाच, चार, तीन आणि त्याखालची किती. पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर रोजी सहा वर्षे पूर्ण होणे हा राज्यातला निकष आहे, तेव्हा मुलांची वाटणी त्या तारखेने करावी. एवढ्या एका कागदावर पुढल्या पाच वर्षांच्या पहिलीची कमाल मर्यादा दिसते, आणि कोणत्याही अभियानाने ती मर्यादा ओलांडता येत नाही, निदान सरळ मार्गाने तरी नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ निघाला, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. त्यात तरुण जोडपी पुण्याकडे, मुंबईकडे, औद्योगिक वसाहतींकडे निघून गेली की डोंगरी आणि कोरडवाहू गावांत पाळणा क्वचितच हलतो. हे शिक्षकांचे अपयश नाही. समितीच्या बैठकीत हे स्पष्ट बोलले गेले नाही तर शिक्षक उगाच अपराधी होतात आणि गाव उगाच रागावते.

आता साधा हिशेब करावा. त्या वर्षी गावात पहिलीच्या वयाची मुले किती होती आणि त्यांतली आपल्या शाळेत किती आली? १२ पैकी १० आली असतील तर शाळा उत्तम चालली आहे, पट कितीही लहान असो. २० पैकी ८ आली असतील तर पट कसाही दिसला तरी शाळा गावाच्या मनातून उतरते आहे. समितीने भिंतीवर लावायचा असेल तर हाच आकडा लावावा.

तिसरे काम: फाट्यावर उभे राहणे

जी मुले आपल्याकडे येत नाहीत ती कुठे जातात, हे ऐकीव माहितीवर ठरवू नये. जुलैतल्या दोन साध्या दिवशी सकाळी सव्वासात ते साडेआठ या वेळात समितीच्या दोघांनी गावच्या फाट्यावर वही घेऊन उभे राहावे आणि प्रत्येक पिवळ्या व्हॅनमध्ये किती मुले चढतात, कोणत्या शाळेची व्हॅन आहे, मूल साधारण किती वर्षांचे आहे, हे लिहून घ्यावे. मी उभा राहिलो तेव्हा पहिल्याच व्हॅनमध्ये माझी समजूत मोडली. मला वाटत होते, चौथी-पाचवीची मुले जात असतील. व्हॅनच्या पायरीवर मात्र दप्तरापेक्षा किंचितच उंच अशी तीन-साडेतीन वर्षांची पाच मुले होती, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि एक रडत होते. त्यांची आई-आजी पदराने त्यांचे तोंड पुसत होत्या आणि ड्रायव्हर एकेकाला उचलून आत ठेवत होता.

ती पाच मुले आमच्या शाळेच्या पटावरून कधी कमी झालीच नाहीत, कारण ती कधी पटावर आलीच नव्हती. खासगी शाळा नर्सरीपासून, म्हणजे तिसऱ्या वर्षी दार उघडते. जिल्हा परिषदेची शाळा सहाव्या वर्षी. मधल्या तीन वर्षांत मुलाला मित्र मिळतात, व्हॅनची सवय होते, फीचे हप्ते घरखर्चात बसतात. २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आल्यानंतर अशा शाळा तालुक्याच्या रस्त्यांवर झपाट्याने वाढल्या, आणि त्यांनी ही तीन वर्षे ओळखली. आपण जूनमध्ये सहा वर्षांच्या मुलाच्या दारी फूल घेऊन जातो तेव्हा निर्णय होऊन तीन वर्षे उलटलेली असतात.

काही मुले कायद्यानेच खासगी शाळेत गेलेली असतात. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट देणारी नियमदुरुस्ती राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैत रद्द केली. या मार्गाने गेलेल्या मुलांच्या पालकांवर नाराज होण्याचे कारण नाही, तो त्यांचा हक्क आहे. वहीत त्यांचा रकाना वेगळा ठेवावा, इतकेच.

चौथे काम: पालकांना विचारणे, पण कसे

शिक्षकांना बरोबर घेऊन जाऊ नये. गुरुजी समोर बसले असताना कोणताही पालक ‘इंग्रजीसाठी पाठवतो’ यापलीकडे काही बोलत नाही, कारण ते सर्वांत सभ्य उत्तर आहे. समितीतल्या दोन आयांनी जावे. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायच्या असतात, त्या तरतुदीचा हा खरा उपयोग. ‘आमच्या शाळेत का नाही पाठवत?’ असे विचारू नये, त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. मूल त्या शाळेत घालायचे कोणत्या महिन्यात ठरले, ठरवले कोणी, त्याआधी घरात काय बोलणे झाले, असे विचारावे. माणूस कारण सांगताना सजवतो. प्रसंग सांगताना फारसा सजवत नाही.

आमच्याकडे अशाच एका आईने सांगितलेले मी विसरलेलो नाही. “इंग्रजीचं काय घेऊन बसलाय, ताई? माझं रान शाळेला लागून आहे. गुरुजी मीटिंगला गेले की पोरं दिवसभर अंगणात. मी खुरपता खुरपता रोज बघते. मग आपलंच पोर तिथं कसं घालू?” तिने वर्षभर, कोणी न सांगता, शाळेची तपासणी केली होती. तिच्या या बोलण्याने आमच्या समितीचा कार्यक्रमच बदलला.

उत्तरे आली की त्यांची प्रतवारी करावी. शिक्षक जागेवर नसणे, मुलाला वाचता न येणे, स्वच्छतागृहात पाणी नसणे, पाच ते सहा या वयात सोय नसणे, वाहन नसणे, इंग्रजी, आणि प्रतिष्ठा. शेवटचे कारण पुष्कळ घरांत असते आणि त्यावर थेट उपाय नाही. पहिली चार सुटली की ते आपोआप मऊ होते, असा माझा अनुभव.

पाचवे काम: ज्याचे कारण त्याचा उपाय

शिक्षक जागेवर असणे हा पहिला उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. अधिनियमाच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकीची कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. समितीने एक साधी नोंद ठेवावी: महिन्यात कोणत्या दिवशी कोणते शिक्षक कोणत्या आदेशाने शाळेबाहेर होते. ही नोंद शिक्षकांविरुद्ध नाही, त्यांच्या बाजूची आहे, हे त्यांना आधीच सांगावे. नाहीतर ती पाळतीसारखी वाटून शाळेतले वातावरण बिघडते. तीन महिन्यांची नोंद आणि समितीचा ठराव घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले की बोलणे तक्रारीचे राहत नाही, हिशेबाचे होते. बैठका शाळा सुटल्यावर घ्याव्यात, एकाच दिवशी दोन्ही शिक्षकांना बोलावू नये, या मागण्या लहान आहेत आणि मान्य होऊ शकतात. पद रिक्त असेल तर ते किती दिवसांपासून रिक्त आहे हे तारखेसह लिहावे.

दुसरा उपाय वाचनाचा. गॅदरिंगपेक्षा त्याने मला अधिक फळ दिलेले दिसले. महिन्यातून एकदा संध्याकाळी, मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर, दुसरी आणि तिसरीच्या मुलांनी न पाहिलेल्या पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचा. पाठ केलेले भाषण नको. ते व्हॅनमधली मुलेही करतात. गर्दीतल्या कोणीही पान उघडून द्यावे. सुरुवातीला दोन-तीन मुले अडखळतील, आणि ते सर्वांसमोर अडखळणे शिक्षकांना आवडणार नाही. पण सहा महिन्यांनी तीच मुले धडाधडा वाचू लागली की गावाला दुसरा पुरावा लागत नाही. मूल मराठी नीट वाचते आहे, हिशेब करते आहे, हे ज्या पालकाने कानाने ऐकले तो दाखला काढायला सहसा येत नाही.

सेमी इंग्रजीचा विषय निघतोच. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी ही पद्धत अनेक जिल्हा परिषद शाळांनी पट टिकवण्यासाठी घेतली आहे. ती घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: ती शिकवण्यास सध्याचे शिक्षक राजी आणि तयार आहेत का, आणि त्यांची बदली झाली तर पुढे कोण शिकवणार. केवळ पाटीवर ‘सेमी’ लिहून तिसरीपर्यंत मुलांना ना मराठीत गणित येते ना इंग्रजीत, अशी अवस्था झाली तर त्याची किंमत मुले मोजतात. अशी घाई करण्यापेक्षा मराठी माध्यम पक्के ठेवून पहिलीपासूनचा इंग्रजी विषय उत्तम शिकवावा, असे माझे मत आहे. गावोगाव याला विरोध करणारे भेटतात, हेही मान्य.

तीन ते सहा वयोगटासाठी अंगणवाडी आणि शाळा यांची गाठ घालावी. दोन्ही एकाच आवारात असतील तर काम निम्मे झाले. पाच वर्षांवरची मुले आठवड्यातून दोन दिवस तासभर पहिलीच्या वर्गात येऊन बसली, त्यांना गुरुजींचे तोंड ओळखीचे झाले, तर जूनचे रडणेही कमी होते. राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात आणि त्यांत मातांचे गट केले जातात. फोटो काढून अहवाल पाठवण्यापुरते ते उरकू नयेत. मातांचा गट उन्हाळाभर चालला तर त्या गटातली मुले बहुधा आपल्याच शाळेत येतात.

स्थलांतराचा उपाय वेगळा आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. बीडसारख्या जिल्ह्यांत या काळात अख्ख्या वाड्या ओस पडतात. मूल आजीजवळ गावी राहू शकेल का, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल का, हे सप्टेंबरमध्येच विचारावे; कोयता उचलल्यावर विचारून उपयोग नाही. मूल जाणारच असेल तर त्याच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ते बसू शकते आणि परतल्यावर आपल्या वर्गात येते.

आणखी एक वाट आहे, जिच्याकडे समित्यांचे लक्ष कमी असते: परत येणारी मुले. तिसरी-चौथीपर्यंत इंग्रजी माध्यमात राहून वाचन कच्चे राहिलेली, किंवा फी थकलेली मुले परत येऊ पाहतात आणि दाखल्यापाशी अडतात. फी बाकी आहे म्हणून दाखला मिळत नाही, आणि दाखला नाही म्हणून पालक आपल्याकडे फिरकत नाहीत. त्यांना सांगावे की शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून आपल्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात मूल बसवण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे. कागदी अडचण राहते ती यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदीची: आधीच्या शाळेने मुलाला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकल्याशिवाय त्याची नोंद आपल्याकडे ओढता येत नाही. त्यासाठी त्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांकडे लेखी अर्ज द्यावा.

वर्षाचे वेळापत्रक

हे काम जूनचे नाही, जानेवारीचे आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत अंगणवाडीची वयागणिक यादी वाचून दाखवावी आणि शाळेच्या पाणी, वीज, कुंपणाच्या मागण्या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालून घ्याव्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरभेटी, कारण खासगी शाळांचे प्रवेश तेव्हाच चालू असतात. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ ही मोहीम अनेक शाळा राबवतात, ती तारीख म्हणूनच चांगली आहे. जूनमध्ये, विदर्भात त्यानंतर काही दिवसांनी, शाळा उघडते तेव्हा प्रवेशोत्सव करावा, पण तो आनंदासाठी. ऑगस्टमध्ये प्रत्येक मुलाचे आधारवरील नाव, जन्मतारीख आणि शाळेतील नोंद जुळवून घ्यावी, कारण संचमान्यतेत आधार पडताळणी झालेले विद्यार्थी धरण्यावर भर असतो, आणि ‘साईराज’चे ‘सायराज’ झाल्याने प्रत्यक्ष वर्गात बसलेले मूल हिशेबात धरले न जाण्याची वेळ येऊ शकते. ३० सप्टेंबर ही पट मोजण्याची तारीख. त्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करणे व्यर्थ.

काय करू नये

नावे फुगवू नयेत. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची किती मुले वर्गात नाहीत हे उघड झाले, आणि त्याचे परिणाम अनेक शाळांना पुढे कित्येक वर्षे भोगावे लागले. दाखला मागायला आलेल्या पालकाला फेऱ्या मारायला लावू नये. कायद्याने तो तत्काळ द्यायचा असतो आणि टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. शिवाय हसून दाखला दिलेल्या घरातले धाकटे मूल आपल्याकडे येण्याची शक्यता राहते. आणि शेजारच्या वाडीच्या शाळेतली मुले सायकल-दप्तराच्या आमिषाने ओढू नयेत. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीसारख्या जिल्हा परिषद शाळांचे नाव सगळीकडे घेतले जाते आणि त्यांनी केलेले काम मोठे आहे, परंतु बाहेरगावची मुले येऊन वाढलेला पट हा कोणत्या तरी दुसऱ्या शाळेचा घटलेला पट असू शकतो. ती दुसरी शाळाही जिल्हा परिषदेचीच असेल तर तालुक्याच्या हिशेबात काहीच वाढले नाही.

मुलेच नसतील तर

अंगणवाडीच्या यादीत पुढली पाच वर्षे दरसाल तीन-चारच मुले दिसत असतील, तर पट वाढवण्याची भाषा सोडून द्यावी आणि लहान शाळा चांगली कशी चालेल याचा विचार करावा. १२ मुलांच्या शाळेत वर्गांच्या भिंती निरर्थक असतात. वयाऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवणारे शिक्षक अशा शाळेत उत्तम काम करतात. त्यांना बहुवर्ग अध्यापनाचे प्रशिक्षण मिळावे, असा ठराव करावा.

त्याचबरोबर शाळेच्याच समायोजनाचा, म्हणजे ती जवळच्या शाळेत मिसळण्याचा, प्रस्ताव कधीतरी येणार, हे गृहीत धरावे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे, म्हणजे अशा अनेक लहान शाळांची मिळून एक शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ यांची उदाहरणे दिली गेली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांवर होत्या. समूह शाळा सरसकट वाईट असते असे मी म्हणणार नाही. पाच वर्गांना पाच शिक्षक, खेळायला संघ होईल इतके सवंगडी, ग्रंथालय, हे चार मुलांच्या शाळेत मिळत नाही. पण तो निर्णय नकाशावर पट्टी ठेवून होऊ नये. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी लागते. त्याहून दूर जायचे असेल तर वाहन कोण देणार, त्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली, ते बंद पडले तर काय, मुलींसोबत कोण, आणि नव्या शाळेच्या समितीत आपल्या वाडीचे पालक किती, हे लेखी मागावे. उत्तर येईपर्यंत शाळा न हलवण्याचा ग्रामसभेचा ठराव कायम ठेवावा.

प्रस्ताव उन्हाळ्यात आला असेल तर पाहणीसाठी जुलैची तारीख मागावी. अधिकारी, सरपंच आणि समितीचे दोन सदस्य यांनी सहा वर्षांच्या एखाद्या मुलाला बरोबर घेऊन, त्याचे दप्तर त्याच्याच पाठीवर ठेवून, वाडीपासून नव्या शाळेपर्यंत चालत जावे. मधल्या ओढ्याला पाणी किती होते, किती वेळ लागला, मूल किती ठिकाणी थांबले, हे त्याच दिवशी पंचनाम्यात लिहून सर्वांनी सह्या कराव्यात, आणि त्याची एक प्रत शाळेच्या दप्तरात ठेवावी.